राव्दनाने रचलेलं जळण

राव्दना माझ्या आईची मावसबहीण. आईच्या बरोबरीनं एकाच नदीकाठी वाढलेली, म्हणून मला ती सख्ख्या मावशीच्या जागी होती. बुटकी, रुंद खांद्यांची, गालांवर थंडीनं कायमचे लाल डाग पडलेली. तरुणपणी ती भारी बोलकी होती आणि चर्चमध्येसुद्धा तिला हसू आवरायचं नाही, असं आई सांगायची. मला आठवते ती मावशी मात्र चार माणसांत बसली की कॉफीचा लाकडी पेला दोन्ही हातांत धरून त्याच्या तळाकडे बघत राहायची. तिला कुणी काही विचारायचं नाही, आणि तीही कुणाला काही सांगायची नाही. तिच्या नवऱ्याच्या मरणाबद्दल लोक काय बोलतात ते तिला ठाऊक होतं.

तिचं माहेर नदीवरचं. बापाचा धंदा सामन मासा धरायचा, घर पक्कं, घरात लोखंडी चूल आणि दाराशी कुऱ्हाडीनं फोडलेली लाकडं रचलेली. आम्हा उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या सामी लोकांत नदीवाले वेगळे आणि कळपवाले वेगळे. कळपवाल्यांचं सगळं आयुष्य रेनडियरच्या मागं पठारावर जातं. राव्दनानं लग्न केलं ते कळपवाल्या योव्नाशी. ईस्टरच्या जत्रेत दोघांची ओळख झाली आणि पुढच्या ईस्टरला लग्न. तिच्या बापानं तिला एवढंच विचारलं म्हणे, की तंबूचं दार कुठून उघडतं ते तरी माहीत आहे का तुला?

योव्ना उंच, काटक, आणि आपल्या थोरल्या सुरीचा फार अभिमान बाळगणारा. ती सुरी त्याच्या बापाची. आमच्या पुरुषांच्या कमरेला दोन सुऱ्या असतात. धाकटी खाण्यापिण्याची, वासरांच्या कानांवर मालकाची खूण कापायची, दोर कापायची. थोरली हातभर लांब, जाड पाठीची, ती जळणासाठी आणि हाडांसाठी. योव्नाच्या थोरल्या सुरीची मूठ भूर्जाच्या गाठीची होती, हात लागून लागून काळी झालेली. ती तो कुणाला हाताळू द्यायचा नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या शरदात ती दोघं कळपाबरोबर होती आणि गारांचा पाऊस लागला. सगळं जळण भिजलं. राव्दनानं जमिनीवर पडलेल्या फांद्या गोळा करून आणल्या, तर योव्ना हसायला लागला.

"नदीवाल्यांकडे लाकूड पुरात आयतं वाहून येतं म्हणे," तो म्हणाला.

"हो ना," राव्दना म्हणाली, "आणि डोंगरवाल्यांकडे बायका."

हे भांडण ती दोघं पुढं कैक वर्षं हसत हसत सांगत असत. त्या दिवशी मात्र त्यानं तिला शिकवलं. पडलेलं लाकूड घ्यायचं नाही, ते पाणी पिऊन बसलेलं असतं. उभं वाळलेलं झाड बघायचं, साल सुटलेलं. थंडी फार असेल तर पातं आधी कोटाच्या आत, पोटाशी धरून ऊब द्यायची, नाहीतर धारेचा तुकडा उडतो. मग ओंडका उभा करायचा, त्याच्या डोक्यावर सुरीची धार ठेवायची आणि दुसऱ्या सोट्यानं सुरीच्या पाठीवर ठोकायचं. लाकूड उभं चिरत जातं, आणि बाहेरून कितीही भिजलेलं असलं तरी आत कोरडं निघतं. त्या कोरड्या गाभ्याच्या चिरफळ्या करायच्या. एकदोन चिरफळ्या घेऊन त्यांच्या कडेनं पातळ कुरळ्या सोलत न्यायच्या, पण तोडायच्या नाहीत, म्हणजे काडीला पिसारा फुटल्यासारखं दिसतं. त्याला खालून भूर्जाच्या सालीचा जाळ लावला की झालं.

"सुरी फिरवायची नाही," त्यानं बजावलं. "फिरवायची ती कुऱ्हाड. सुरी ठेवायची, आणि ठोकायचं."

तिला ते लवकर जमलं. कदाचित जरा जास्तच लवकर जमलं, कारण त्यानंतर योव्नानं तिच्या हातात ती सुरी पुन्हा काही दिली नाही. आग त्याची आणि कॉफी तिची, अशी वाटणी झाली ती झालीच.

योव्नाला एक धाकटा भाऊ होता, इस्सात. आईबाप गेले तेव्हा तो अर्धवट वयाचा. राव्दनानंच त्याला खाऊपिऊ घातलं, त्याचे केसाळ कातड्याचे बूट शिवले, त्याला पहिल्यांदा ताप आला तेव्हा त्याच्या उशाशी बसली. तिला स्वतःचं मूल एकच झालं, आणि ते पहिला हिवाळासुद्धा बघायला राहिलं नाही. त्यानंतर इस्सातच तिचं सगळं काही. तो तिला वहिनी म्हणायचा, आणि सगळ्या कळपात 'वहिनी' म्हटलं की राव्दनाच, दुसरी कुणी नाही. इस्सातचं पुढं लग्न झालं नाही. एका मुलीनं बरीच वर्षं वाट बघायला लावली आणि मग शहरातल्या सुताराशी संसार थाटला. तेव्हापासून तो ह्या दोघांच्याच तंबूत राहायचा.

ते घडलं त्या वर्षी कळप हिवाळ्याच्या शेवटी सोआकी तळ्याच्या बाजूला होता. हे आमच्या कुरणांतलं सगळ्यांत आडवाटेचं ठिकाण. पलीकडच्या लोकांच्या कळपात आमची जनावरं मिसळू नयेत म्हणून मध्ये कुंपण आहे, ते वाऱ्यानं पडलं होतं. ते उभं करायला इस्सात गेला. स्नो-स्कूटर एकच होती, ती तो घेऊन गेला. तिच्यामागं जोडायची घसरगाडीही नेली आणि खुंट ठोकायला कुऱ्हाडही. दोन दिवसांत येतो, म्हणाला. कुंपण झालं वेळेवर. पण पलीकडच्या लोकांनी मटण शिजवलं होतं, जुन्या ओळखी निघाल्या, त्यानं एक दिवस जास्त काढला. आणि त्याच दिवशी वादळ आलं.

तंबूतलं जळण संपत आलं होतं. योव्ना थोरली सुरी घेऊन तळ्याकाठच्या भूर्जांत गेला. एक जाड वाळलेलं झाड त्याला दिसलं. ते कुऱ्हाडीचं काम होतं आणि कुऱ्हाड नव्हती. वारा असा की माणूस उभा राहू शकत नाही. असल्या वेळी घाई होतेच. तो सुरी फिरवून घाव घालायला लागला. गोठलेल्या गाठीवर पातं आपटलं, घसरलं, आणि गुडघ्याच्या वर, मांडीत शिरलं.

राव्दनानं त्याची हाक ऐकली. कातड्यावर घालून त्याला ओढत तंबूत आणलं. आमच्या बुटांना वरून लोकरीच्या विणलेल्या पट्ट्या गुंडाळतात. तिनं आपल्या दोन्ही बुटांच्या पट्ट्या सोडल्या आणि मांडीला आवळून बांधल्या. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही. योव्नाचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी तो हसला.

"ठेवायची आणि ठोकायचं," तो म्हणाला. "आता तू मला शिकव."

एवढं मावशीनं माझ्या आईला सांगितलं होतं. त्यापुढचं नाही.

इस्सात आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वारा पडल्यावर. लांबूनच त्याला तंबूतून धूर सरळ वर जाताना दिसला आणि त्याला बरं वाटलं. आत आला तर आग नीट जळत होती. योव्ना कातड्यांखाली होता, तोंडावरून राव्दनाची शाल ओढलेली. ती शेजारी बसली होती, तिच्या हातांना फोड आले होते आणि त्यातले काही फुटले होते. आणि योव्नाच्या कुशीला, तंबूच्या कापडाला लागून, फोडलेल्या लाकडांचा ढीग होता. कंबरेइतका. नीट रचलेला, सगळ्यांची टोकं एका बाजूला.

इस्सात त्या ढिगाकडे बघत राहिला. मग त्यानं बाहेर बघितलं. स्की बाहेर बर्फात उभ्या रोवलेल्या होत्या.

"एवढं लाकूड फोडायला वेळ होता तुला," तो म्हणाला. "स्की बाहेर होत्या. अर्ध्या दिवसाची वाट. सकाळी वारा कमी झाला होता, मी तिकडून बघत होतो. तू इथं बसून स्वतःची शेकोटी सांभाळलीस."

राव्दनानं ढिगातली एक काडी उचलून आगीत सारली.

दफनाला सगळा मुलूख आला होता. इस्सातनं तिथं पुन्हा तेच सांगितलं, तिच्यासमोर नाही, पण चर्चच्या पायऱ्यांवर, आणि चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलेलं सगळीकडे पोचतं. लाकडाचा ढीग किती होता ते तो हातानं दाखवायचा. ज्यांनी ऐकलं त्यांनी पुढच्यांना जरा उंचच दाखवला. कुऱ्हाड कुणाकडे होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चारलं नाही. भाऊ गेलेल्या माणसाला ते कोण सांगणार? आणि राव्दनाची बाजू घेणारी एक माझी आई होती, पण तिलाही खरं काय ते माहीत नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा राव्दना म्हणाली, "झालं ते झालं." त्यानंतर आईनं विचारणं सोडलं.

इस्सातनं थोरली सुरी ठेवून घेतली. बापाची आहे, म्हणाला, आमच्या घरातच राहील. राव्दनानं अडवलं नाही.

लोकांना वाटलं ती आता नदीवर माहेरी परत जाईल. ती गेली नाही. तिची स्वतःच्या खुणेची जनावरं होती, योव्नाची तिच्या वाट्याला आली, आणि ती कळपाबरोबर राहिली. वेगळा तंबू, वेगळी चूल. कामं तीच. बरोबरच्या घरांना तिची गरज होती, कारण वासरांच्या मागं पळताना, दोर टाकताना ती कुणाला हार जायची नाही. इस्सातला तिच्याबरोबर काम करावं लागायचं. पण त्यानं तिला पुन्हा वहिनी म्हटलं नाही. नावानंही हाक मारली नाही. "तिला सांग, दोर सैल कर," असं तो, मी कळपाच्या कामाला असले की, माझ्याकडे बघून म्हणायचा, आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी असायची. एखाद्या मुक्कामाला जळण कमी पडलं तर तो म्हणायचा, "लाकूड भरपूर हवं असेल तर कुणाला सांगायचं ते माहीत आहे सगळ्यांना." लोक खाली बघायचे. काही जण हसायचेसुद्धा. मावशी उठायची आणि खरंच लाकडं आणायला जायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. माझं लग्न झालं, आई गेली, स्नो-स्कूटरी घरटी दोन दोन झाल्या. इस्सात म्हातारा झाला. त्याची बोटं सुजून वाकडी झाली होती, पण मुक्कामाची पहिली आग त्यानंच लावायची, हा मान त्याला होता आणि तो त्यानं सोडला नव्हता.

एका उन्हाळ्यात वासरांच्या कानांना खुणा करायला आम्ही समुद्राकडच्या डोंगरावर होतो. माझी धाकटी पोटात होती, म्हणून मी कुंपणात न जाता तंबूपाशी होते. सारखा पाऊस. बारीक, बर्फमिश्रित, आडवा येणारा. माणसं दिवसभर चिखलात वासरांमागं पळून भिजून आली होती, दातांवर दात वाजत होते, आणि आग पेटत नव्हती. इस्सातनं जाड जाड फळ्या केल्या होत्या. खाली साल जळायची, धूर व्हायचा, विझायचं. कुणीतरी डबाभर पेट्रोल आणतो म्हणालं तर त्यानं नुसतं बघितलं त्याच्याकडे. पुन्हा थोरली सुरी लाकडावर ठेवली, तर ती वाकड्या बोटांतून सुटून पडली. दुसऱ्यांदाही पडली. म्हाताऱ्या माणसाची अशी फजिती बघणं फार वाईट.

मावशी तंबूच्या दाराशी बसली होती. ती उठली, त्याच्याजवळ गेली, वाकून सुरी उचलली आणि खाली बसली. त्यानं तिला अडवलं नाही. इतक्या वर्षांनी ती सुरी तिच्या हातात होती आणि तिनं तिच्याकडे नीट बघितलंही नाही. एक ओंडका पायांत उभा धरला, धार ठेवली, सोट्यानं पाठीवर ठोकलं. लाकूड कोरडा आवाज करत चिरलं. मग त्या अर्ध्याचे दोन, त्या दोनाचे चार. घाई नाही. प्रत्येक तुकडा ती पुन्हा उभा धरायची आणि पुन्हा चिरायची, अंगठ्याइतका बारीक होईपर्यंत, आणि मग डाव्या हातानं बाजूला रचायची, टोकं एकीकडे. दोन काड्यांना पिसारे काढले, जाळ लावला, आग उभी राहिली. माणसं पुढं सरकली. कुणीतरी किटली टांगली.

मावशी थांबली नाही. ती चिरतच राहिली.

इस्सात तिच्या हातांकडे बघत होता.

"पेटली ना आता," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो सरळ तिच्याशी बोलत होता. "एवढं बारीक कशाला करतेस?"

"सवय," ती म्हणाली.

"कसली सवय?"

तिनं धार ठेवली, ठोकलं. मग खाली बघूनच म्हणाली, "पडल्या पडल्या एका हातानं उचलता यायला हवं."

इस्सातचा चेहरा मी बघत होते. त्याला कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

"कुणाला?" तो म्हणाला.

"तुला माहीत आहे कुणाला." तिनं सुरी मांडीवर आडवी ठेवली. "त्याचा एक हात जखमेवर दाबलेला होता. दुसऱ्या हातात जाड लाकूड पेलेना. मी निघाले असते आणि मागं आग विझली असती, तर तुम्ही येऊन काय करणार होतात? म्हणून म्हटलं, आधी त्याच्या हाताशी एवढं करून ठेवू की मी येईपर्यंत पुरेल. रात्र धरून. बारीक लाकूड लवकर जळतं, इस्सात. फार लागतं."

ती एवढं सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

"सकाळी वारा कमी झाला तेव्हा ढीग अर्धा झाला होता. मी म्हटलं, आणखी थोडं. पुरेसा झाला तेव्हा कॉफी भरून त्याच्या हाताशी ठेवली आणि स्की बाहेर काढून उभ्या केल्या. परत आत आले, त्याला सांगायला, की निघते."

पुढचं तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

इस्सात उभा राहिला, मग पुन्हा बसला. "तू तेव्हा का नाही बोललीस?" तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी विचारलं होतं तुला."

"तू मला विचारलं नाहीस," राव्दना म्हणाली. रागानं नाही, आठवून सांगावं तसं. "तू मला सांगितलंस."

तो उठून पावसात गेला. जेवायला आला नाही. माझा नवरा त्याला शोधायला गेला, तर तो वासरांच्या कुंपणाला टेकून उभा होता, टोपी काढून हातात घेतलेली, केसांतून पाणी वाहत होतं. चल म्हटलं तर म्हणाला, "माझ्या घसरगाडीवर होती कुऱ्हाड. मी मटण खात होतो." तेच तेच म्हणत राहिला.

त्या शरदात इस्सातनं एक गोष्ट केली, जी मी दुसऱ्या कुणी केलेली बघितली नाही. तो घरोघर गेला. बोलका माणूस नव्हता, शब्द शोधावे लागायचे त्याला. तरी पठारावरच्या, नदीवरच्या, पार किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरी जाऊन बसला, कॉफी घेतली, आणि सांगितलं. ढीग कशासाठी होता ते. कुऱ्हाड कुठं होती ते. आपण एक दिवस जास्त का राहिलो तेही. आमच्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, मला माहीत आहे, मी तिथंच होते. तरी त्यानं मला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि मी ऐकलं.

मग तो सुरी घेऊन राव्दनाच्या दाराशी गेला. आत गेला नाही. तिनंच त्याला आत बोलावलं आणि मटणाचा रस्सा वाढला. सुरी मात्र घेतली नाही. "ठेव तुझ्याकडे," म्हणाली. "माझी लाकडं फोडायची तेवढी फोडून झाली."

तिची माफी त्यानं मागितली का, मला माहीत नाही. मावशीला विचारलं तर म्हणाली, "रस्सा खाल्ला त्यानं." त्यानंतर तो तिला पुन्हा वहिनी म्हणायला लागला. फार दिवस नाही म्हणता आलं. पुढच्याच हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ साठला आणि तो गेला. शेवटचे दिवस राव्दनाच त्याच्या उशाशी होती, पहिल्या तापात होती तशी.

लोक आता तिच्याशी फार चांगले वागायला लागले. चर्चमध्ये जागा करून द्यायचे. बायका वाळवलेलं मांस आणून द्यायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या, डोळे पुसायच्या. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. पण ती आणखीच मिटली. एकदा माझ्याकडे कुरकुरली, "पूर्वी मला एकटीला बसू तरी द्यायचे." पुढं गुडघे गेले आणि तिला गावातल्या वृद्धांच्या घरात खोली घ्यावी लागली. भिंतीतून वीज ऊब देते, खिडक्या उघडत नाहीत. तिला तिथं सारखं उकडायचं.

मी दर महिन्याला तिला भेटायला जायची. आम्ही फार बोलायचो नाही. मी चीज घेऊन जायची, ती आमच्या रीतीप्रमाणे त्याचे तुकडे कॉफीत टाकायची. गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी ती खिडकीपाशी बसली होती, आणि तिनं आपणहून विषय काढला.

"लोक काय म्हणायचे त्याचं मला एवढं काही वाटलं नाही, मारेन," ती म्हणाली. मारेन म्हणजे मी. "इस्सात बोलायचा त्याचं वाईट वाटायचं, पण त्याला कुणावर तरी रागवायला हवंच होतं. नाहीतर तो स्वतःवर रागावला असता आणि लवकर मेला असता. पाहिलंस ना, कळल्यावर किती जगला ते?"

मी म्हटलं, मग तू गप्प राहिलीस ती त्याच्यासाठी?

"थोडी त्याच्यासाठी." तिनं पेला खाली ठेवला. "त्या सकाळी योव्ना बोलत होता. बरं वाटत होतं त्याला, निदान मला तसं वाटलं. आमच्याकडे पहिल्या वर्षी एक ओढीचा रेनडियर होता, एक कान पांढरा. तो मला बघितलं की अडून बसायचा. त्याच्याबद्दल सांगत होता. मी त्याच्याकडे पाठ करून ठोकत होते. सुरीवर ठोकलं की तंबूत आवाज फार होतो. मध्येच त्यानं माझं नाव घेतलं आणि काहीतरी विचारलं. विचारलं हे नक्की, शेवटाला आवाज वर गेला होता. मी म्हटलं, थांब, एवढं होऊ दे. तो थांबला. मी राहिलेली लाकडं फोडली, रचली, कॉफी भरून त्याच्या हाताशी ठेवली. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोप लागली. स्की उभ्या केल्या. आत येऊन म्हटलं, हं, आता बोल."

बाहेर कुणीतरी जेवणाची गाडी ढकलत गेलं. मावशी माझ्याकडे बघत होती. तिला खरंच माझ्याकडून काही हवं होतं असं वाटलं.

"काय विचारलं असेल गं त्यानं?"

मी म्हटलं, कॉफी मागितली असेल.

तिनं त्यावर विचार केला. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून.

"नाही," ती म्हणाली. "कॉफी मागायला तो कधी माझं नाव घ्यायचा नाही."

थंडी पडायला लागली तशी ती गेली. झोपेत गेली, असं तिथल्या लोकांनी सांगितलं.